किल्ल्याचे तीन अधिकारी आणि एक पासवर्ड

इतिहासाच्या व्याख्यानात पासवर्ड कुठून आला, असं काहींना वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचं ऐकणं सोपं जाईल.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार संस्थेत आम्हाला बोलावणं आलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. कोणत्या बोटीला किती डिझेल दिलं याची नोंद तिथे पूर्वी वहीत होत असे, नंतर ती संगणकावर आली. ब्राउझरमध्ये उघडायचं, आकडे भरायचे. सचिव, कारकून आणि पंपावरचा मुलगा असे तिघं काम करत आणि तिघांचं लॉगिन एकच होतं, ‘ॲडमिन’. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं, “पासवर्ड सगळ्यांचो एकच असा, भिंतीर लिवलेलो.” एका बोटीच्या महिन्याच्या नोंदीत लिटर वाढवलेले सापडले. परताव्याचं प्रकरण अडकलं आणि बोट दाखवलं गेलं ते कारकुनाकडे, कारण संगणकावर जास्त वेळ तेच बसत. वीस-बावीस वर्षं वही सांभाळलेला माणूस. ते एवढंच म्हणत राहिले, “मी नाय केलंय.”

आम्ही आतल्या नोंदी काढून पाहिल्या. बदल कोणत्या तारखेला, किती वाजता झाला हे अगदी सेकंदासकट होतं. कोणी केला, तर ‘ॲडमिन’ने. म्हणजे आम्ही त्यांना दोषी ठरवू शकत नव्हतो आणि निर्दोषही ठरवू शकत नव्हतो. जुनी वही असती तर अक्षरावरून तरी कळलं असतं. हा विचार डोक्यात घेऊन आम्ही संध्याकाळी बंदरावर उभे होतो आणि समोर सिंधुदुर्ग होता. आजचं बोलणं तिथून सुरू झालं.

कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं आणि पुढची सुमारे तीन वर्षं चाललं. तट जवळजवळ तीन किलोमीटर, बुरूज बेचाळीस. होडीतून जाताना तुम्ही पाहिलंच असेल, मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बुरुजांच्या वळणात तो लपवलाय. पण दरवाजा कितीही लपवा, आतल्या माणसानं उघडला तर काय करणार? शत्रूला तोफा लागत नाहीत, शिडी लागत नाही. शिवाजी महाराजांना हे नीट माहीत होतं, कारण सुरुवातीच्या काळात त्यांनी स्वतः काही किल्ले आदिलशाही अंमलदाराला आपल्या बाजूला वळवून घेतले होते. कोंढाणा त्यातलाच. ज्या भोकातून आपण आत शिरलो ते भोक आपल्या घरात ठेवू नये, एवढं शहाणपण प्रत्येकाला असतंच असं नाही. त्यांना होतं.

मग त्यांनी काय केलं? कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला जी बखर लिहिली, तिच्यात ही व्यवस्था आलीय. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, आणि तिघं एका दर्जाचे. एकाला दुसऱ्याचा वरिष्ठ केलेलं नाही. कारभार तिघांनी मिळून करायचा. हवालदाराकडे किल्ल्याचा एकूण ताबा आणि दरवाजांच्या किल्ल्या, सरनोबताकडे शिबंदी आणि पहारे, सबनिसाकडे हजेरी, पत्रव्यवहार, लिखापढी. शिवाय धान्य, दारूगोळा, सामान यांसाठी कारखानीस. किल्ल्याचा घेरा मोठा असेल तर पाच-सात तटसरनोबत नेमायचे आणि त्यांना तट वाटून द्यायचे. हा ‘वाटून द्यायचा’ भाग लक्षात ठेवा, थोड्या वेळानं तो पुन्हा लागणार आहे.

आता या रचनेत गंमत बघा. किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे हजेरीपट नाही. हजेरी ज्याच्याकडे, त्याच्याकडे माणसं नाहीत. माणसं ज्याच्याकडे, त्याच्याकडे धान्य नाही. किल्ला विकायचाच असेल तर एकाला विकता येत नाही, तिघाचौघांना मिळून विकावा लागतो. आणि गुप्त गोष्ट जितक्या तोंडात, तितकी ती लवकर फुटते.

इथे एक गोष्ट गाळून पुढे जाणं आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. या जागा जातीनं वाटलेल्या होत्या. हवालदार आणि सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. पुष्कळ लेखक याचं कौतुक करून थांबतात. वेगवेगळ्या जातींचे लोक सहसा एकत्र कट करणार नाहीत, असा तो हिशेब, आणि त्या काळात तो चाललाही असेल. पण म्हणजे समाजात जो अविश्वास आधीच होता, तो कारभाराचा खांब म्हणून वापरला. आज आपण त्या पद्धतीतलं काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवताना ही बाजू डोळ्यांसमोर असलेली बरी.

आता थोडं संगणकाकडे वळू. तिथेही सुरुवात एकाच किल्लीनं झाली. एक यंत्र, एक माणूस, प्रश्नच नाही. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची पद्धत सुरू झाली. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी. ज्याची त्याची फाइल वेगळी राहावी म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. आणि १९६२ मध्येच ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्यानं सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली. कारण काय, तर त्याला मिळणारे संगणकाचे तास पुरत नव्हते! चोरी पैशासाठी नव्हती, वेळेसाठी होती. पण भोक तेच, आतल्या माणसाचं.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या विषयाचं शास्त्र झालं. मल्टिक्स या प्रणालीत प्रत्येक फाइलीबरोबर तिला कोण हात लावू शकतो याची यादी ठेवली जाऊ लागली. युनिक्समध्ये मालक, गट आणि बाकीचे असे तीन वर्ग आले, आणि वाचणं, लिहिणं, चालवणं या तीन परवानग्या. १९७५ मध्ये सॉल्झर आणि श्रोडर या दोघांनी एक लेख लिहिला, तो आजही शिकवला जातो. त्यातली दोन तत्त्वं आपल्या कामाची. पहिलं म्हणजे कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, जास्त नाही. दुसरं, महत्त्वाचं कुलूप दोन किल्ल्यांशिवाय उघडू नये आणि त्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असाव्यात. सिंधुदुर्गचा सबनीस हा लेख वाचून म्हणाला असता, यात नवीन काय? पण नवीन होतंच. किल्ल्यावर माणूस माणसाला ओळखतो. यंत्र कोणालाच ओळखत नाही, त्याला प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते.

१९९२ मध्ये फेरायोलो आणि कून यांनी मांडलं की अधिकार माणसाला न देता हुद्द्याला द्या, आणि माणसाला हुद्द्यावर नेमा. माणूस बदलला की फक्त नेमणूक बदलते. हे ऐकल्यावर आपल्याला हवालदार-सबनीस आठवणार नाहीत तर काय होईल!

आता वेबवरच्या कामाचं एक उदाहरण घेतो, जँगोचं. जँगो म्हणजे संकेतस्थळं बांधायचा तयार सांगाडा, ज्याला आपण फ्रेमवर्क म्हणतो. त्याचा जन्म झाला अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात, एका स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत, आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. वर्तमानपत्राच्या कचेरीत काय असतं? बातमी लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा, जाहिरात पाहणारा वेगळा. त्यामुळे वापरकर्ते, गट आणि परवानग्या ही सोय त्यात तयारच मिळते. प्रत्येक तक्त्यामागे चार परवानग्या आपोआप येतात, नोंद घालणं, बदलणं, काढून टाकणं आणि पाहणं. या परवानग्या गटाला द्यायच्या आणि माणसाला गटात बसवायचं.

यातली ‘पाहणं’ ही परवानगी पहिल्यापासून नव्हती बरं का. ती २०१८ मध्ये आली. तोपर्यंत त्याच्या तयार प्रशासन-पानावर एखाद्याला नोंद फक्त दाखवायची असेल, तर बदलण्याचा अधिकार द्यावा लागे, नाहीतर वेगळा कोड लिहावा लागे. विचार करा, ज्याला हजेरी फक्त वाचायचीय त्याच्या हातात बोरूही द्यायचा. हिशेब तपासणाऱ्याला हिशेब बदलायची मुभा! तेरा वर्षं असं चाललं. मुद्दाम कोणी केलं असं नाही. परवानगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर करणारा माणूस येतो, नुसता बघणारा येत नाही.

दुसरी अडचण तटसरनोबताची. जँगोचा गट सांगतो की हा माणूस नोंद बदलू शकतो. कोणती नोंद? तर त्या तक्त्यातली कोणतीही. पंपावरच्या मुलानं फक्त आपल्या पंपाच्या नोंदी भराव्यात, शेजारच्या गावच्या नको, हे नुसत्या गटानं साधत नाही. त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागतो किंवा जोड-साधन घ्यावं लागतं. सभासद बखरीतली व्यवस्था इथे एक पाऊल पुढे आहे. हुद्दा दिला आणि तटही वाटून दिला. या बुरुजापासून त्या बुरुजापर्यंत तुझं. आमच्या अनुभवात बहुतेक घोटाळे इथेच होतात. हुद्दा बरोबर असतो, हद्द घातलेली नसते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे महावापरकर्ता. इंग्रजीत ज्याला सुपरयूजर म्हणतात तो. त्याला कुठलीही परवानगी द्यावी लागत नाही, प्रत्येक प्रश्नाला यंत्र त्याच्यासाठी ‘हो’ म्हणतं. किल्ल्यावर असा माणूस ठेवलेलाच नव्हता, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. तिघांच्या वर कोण, तर थेट राजा, आणि तो गडावर नाही. रात्री दरवाजा बंद झाल्यावर पहारेकऱ्यानं खुद्द महाराजांनाही आत घेतलं नाही, अशी एक गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. गोष्ट म्हणूनच ती घ्या, पुरावा म्हणून नको. पण लोकांना ही गोष्ट सांगावीशी वाटली, यात काहीतरी आहे. आमच्या संस्थेत मात्र तिन्ही माणसं राजे होती. नोंद घालणारा राजा, तपासणारा राजा आणि पंपावरचा मुलगाही राजाच.

हे झालं अधिकार देण्याचं. काढून घ्यायचं काय? इतिहास इथे जास्त बोलका आहे, कारण इथे आपली माणसं हरलीत.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर आणि आरमारावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांची ठराविक वर्षांनी बदली करावी, असं त्यात आहे. म्हणजे परवानगीला मुदत. आरमारासाठी लाकूड तोडायचं तर कुठलं आणि कोणाला विचारून, हेही आहे. आंबा-फणसाला सहसा हात लावू नये, कारण रयतेनं ती झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात, आणि झाड जुनं होऊन घ्यायचंच झालं तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं. कोकणात राहणाऱ्याला यातली कळकळ वेगळी सांगायला नको. पण त्याच आज्ञापत्रात वतनदारांबद्दल फार सावध सूर आहे. एकदा वतन दिलं की ते घराण्याचं होतं आणि वतनदार हा छोटा राजा होऊन बसतो, ही भीती.

ती भीती खरी ठरली. पुढच्या शंभर वर्षांत कितीतरी हुद्दे वंशपरंपरेचे झाले. पुरावा हवा तर आडनावं बघा. सबनीस, कारखानीस, हवालदार, चिटणीस, फडणीस, पोतनीस. कधीकाळी ही नेमणूक होती. हुद्दा गेला, काम गेलं, नाव माणसाला चिकटून राहिलं. आडनावानं कोणाचं नुकसान होत नाही म्हणा. पण खोताचं काय? खोत हा मुळात सरकार आणि कुळं यांच्या मधला, सारा वसूल करून भरणारा माणूस. पिढ्या गेल्या आणि तोच मालकासारखा वागू लागला. कोकणातल्या कुळांनी काय सोसलं ते इथल्या अनेक घरांत आजही सांगितलं जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नाहीशी करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये. वेळेवर काढून न घेतलेला एक अधिकार काढायला चळवळ लागली, विधिमंडळ लागलं आणि विधेयकापासून कायद्यापर्यंतच बारा वर्षं गेली.

संगणकात हे एका खुणेनं होतं. जँगोमध्ये वापरकर्ता ‘सक्रिय’ आहे की नाही असा एक रकाना असतो. ती खूण काढली की महावापरकर्त्यालाही परवानगी नाकारली जाते. माणसाचं खातं पुसायचं नाही, नुसतं बंद करायचं, म्हणजे त्यानं पूर्वी केलेल्या कामाची नोंद शाबूत राहते. इतकं सोपं आहे आणि तरी कोणी करत नाही. आमच्या पाहण्यात अशी खाती आली, ज्यांचा माणूस नोकरी सोडून मुंबईला जाऊन पाच वर्षं झालीत.

आता एक शंका राहते. अधिकार काढला, पण परवाना आधीच त्याच्या खिशात असेल तर? त्यासाठी आपल्याला समुद्रावर जायला हवं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर कार्ताझ नावाचा परवाना चालू केला. गोवा इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्याचा जाच इथे रोजचा. जहाजाचं नाव, नाखवा कोण, आकार केवढा, हत्यारं किती, जाणार कुठे, असं सगळं त्यावर लिहिलेलं, शिवाय कोणता माल न्यायचा नाही ते. पोर्तुगीज बंदरात जकात भरायची अट वेगळीच. हजला जाणाऱ्या मुघलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता, पण कागद नसेल तर जहाज जप्त.

कार्ताझची अडचण अशी की कागद एकदा जहाजाबरोबर गेला की गेला. वाटेत गाठणाऱ्या कप्तानाला तो कागद आणि त्यावरचा शिक्का तेवढा दिसतो. गोव्यात काल काय ठरलं ते त्याला माहीत नसतं. आजच्या वेब प्रणालींत हाच पेच आहे. एका पद्धतीत प्रत्येक वेळी मूळ दप्तर पाहून ठरवतात की हा माणूस आत आहे का. दुसऱ्या पद्धतीत माणसाच्या हातात सही केलेलं टोकन देतात आणि मुदत संपेपर्यंत ते चालतं. दुसरी वेगवान आहे, पण अधिकार काढून घेतला तरी मुदत संपेपर्यंत जहाज समुद्रावरच असतं.

परवाना एकाचा आणि माल दुसऱ्याचा, हा घोळही जुनाच. कान्होजी आंग्रे यांनी उलट आपले दस्तक चालू केले, इथून जाणाऱ्यानं आमचा परवाना घ्यावा म्हणून. इंग्रजांशी त्यांचा वाद पेटला त्यात एक मोठं कारण हे होतं की कंपनीचा परवाना दाखवून देशी व्यापाऱ्यांचा माल नेला जाई. कंपनी म्हणे परवाना आमचा, म्हणून सूट. कान्होजी म्हणत माल तुमचा नाही, मग सूट कसली? इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं आणि आपल्याही काही पुस्तकांत ते तसंच उतरलं. आम्हाला विचाराल तर मुद्दा कान्होजींचा बरोबर होता. दुसऱ्याच्या नावावर आत शिरणं म्हणजे शिरणंच, मग शिक्का कितीही खरा असो.

आता घराजवळ येऊ. सातबारा तुम्हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, कोकणात तर एकेका उताऱ्यावर नावांची रांग. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत फेरफाराची पद्धत अशी आहे की तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी किंवा त्यावरचा अधिकारी ती प्रमाणित करतो. घालणारा आणि मंजूर करणारा वेगळा, आणि तलाठ्याला त्याची सजा वाटून दिलेली. ई-फेरफार आलं तेव्हा संगणकावरही हीच विभागणी ठेवली, ज्याची त्याची सही वेगळी. तक्रारी असतील, आहेतच, सर्व्हर चालत नाही वगैरे. पण नोंदीवर ‘ॲडमिन’ असं येत नाही, माणूस येतो.

तर त्या मच्छीमार संस्थेत आम्ही शेवटी काय केलं? तीन लॉगिन केली. मुलगा फक्त आपल्या पंपाची नोंद घालतो, बदलू शकत नाही. कारकून दुरुस्ती सुचवतात, सचिव मंजूर करतात. सचिवांना स्वतःला नोंद घालता येत नाही, यावर त्यांची नाराजी झाली. “म्हंजे माझ्यार विश्वास नाय?” असं त्यांनी दोनदा विचारलं. आम्ही म्हटलं, सचिवसाहेब, उद्या बोट तुमच्याकडे दाखवलं गेलं तर तुम्हालाच उपयोगी पडेल. त्यांना ते पटलं असं नाही, पण मान्य केलं. महावापरकर्त्याचा पासवर्ड पाकिटात घालून लाखेनं बंद केला आणि कपाटात ठेवला. पाकीट उघडायचं तर वहीत तारीख, कारण आणि दोघांच्या सह्या. भिंतीवरचा पासवर्ड पुसला, त्याचा डाग अजून आहे.

कारकून पुढे सेवानिवृत्त झाले. परताव्याचं ते प्रकरण नंतर कसंबसं मिटलं, ठपका कागदावर कोणावर आला नाही, गावात मात्र त्यांच्यावरच राहिला. गेल्या पावसाळ्याआधी ते आम्हाला बंदरावर भेटले आणि पहिला प्रश्न तोच विचारला, “काय कळला काय, कोणी केल्यान ता?” आम्ही नाही म्हटलं. ती नोंद अजून तशीच आहे. तारीख आहे, वेळ आहे, आणि बदल करणाऱ्याच्या रकान्यात ‘ॲडमिन’.